गव्हाच्या अंकुराचा धडा

प्रथिनांवाचून जीवन नाही आणि जिवंत पेशीवाचून प्रथिन नाही, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत शाळेत असतानाच झालेली असते आणि पुढे ती तपासून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. या समजुतीचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. स्नायू आकुंचन पावतात ते प्रथिनांमुळे, रक्त प्राणवायू वाहून नेते ते प्रथिनामुळे आणि खाल्लेले अन्न पचते तेही प्रथिनांमुळेच. उत्तरार्ध मात्र खरा नाही. पेशी फोडून, तिचे आवरण आणि केंद्रक बाजूला सारून, उरलेल्या रसात योग्य ती द्रव्ये घातली तर काचेच्या नळीतही प्रथिने तयार होतात. यासाठी जे रस आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात, त्यांतील एक अत्यंत भरवशाचा रस आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हापासून, नेमके सांगावयाचे तर गव्हाच्या दाण्यातील अंकुरापासून, काढलेला असतो.

ही गोष्ट केवळ एक वैज्ञानिक नवल म्हणून सांगून सोडून देण्याजोगी नाही. हा रस हाती कसा आला, पुष्कळ वर्षे तो लंगडा का राहिला आणि अखेर कोणी व कोणत्या वाटेने त्याचा दोष दूर केला, हा इतिहास पाहिला तर विज्ञानासाठी पैसा कशावर खर्चावा आणि विज्ञान वर्गात कसे शिकवावे, या दोन प्रश्नांवर चांगलाच प्रकाश पडतो. हे दोन्ही प्रश्न परदेशातले नाहीत, आपल्या दारातले आहेत. म्हणूनच हा विषय केवळ जीवशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून चालणार नाही.

प्रारंभ 1897 सालापासून करावा लागेल. साखरेचे मद्यात रूपांतर होणे ही क्रिया जिवंत यीस्टवाचून होऊच शकत नाही, असे लुई पाश्चरसारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते आणि त्या मताचा दबदबा मोठा होता. एडुआर्ट बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्टच्या पेशी वाळूबरोबर रगडून त्यांचा रस पिळून काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपल्याकडे फळांच्या पाकात घालतात तशीच. आणि पाहतो तो रसातून बुडबुडे येऊ लागले! पेशी मेल्या होत्या, पण त्यांचे काम चालूच होते. जे कार्य जीवनाचे म्हणून समजले जात होते ते पेशीतील रसायनांचे आहे, हे या साध्या निरीक्षणाने सिद्ध झाले. 1907 साली बुखनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की त्याच 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. या दोन शोधांच्या वाटा शंभर वर्षांनंतर एकमेकींना कशा मिळाल्या, ते पुढे येईलच.

मद्यार्क हा लहानसा रेणू आहे. प्रथिन ही त्या मानाने फार गुंतागुंतीची वस्तू होय. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवले की प्रथिनाची माळ होते. क्रम चुकला तर माळ निरुपयोगी. हा क्रम जनुकात लिहिलेला असतो, त्याची नक्कल संदेशवाहक आरएनए घेऊन येतो आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म यंत्र तो संदेश वाचत वाचत मणी ओवीत जाते. एवढी नाजूक व्यवस्था पेशी फोडल्यावर शाबूत राहील यावर प्रथम कोणाचा विश्वास बसत नव्हता. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॉल झॅमेक्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृताचा रस घेऊन ती शाबूत राहते हे दाखविले.

त्यानंतरचा टप्पा तर विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झालेला आहे. 27 मे 1961 रोजी पहाटे, बेथेस्डा येथील सरकारी आरोग्य संस्थेत, मार्शल निरेनबर्ग यांचे सहकारी हाइनरिख मथाई यांनी जीवाणूंच्या रसात एक कृत्रिम आरएनए घातला. त्यात यू हे एकच अक्षर पुनःपुन्हा आलेले होते. नळीत जे प्रथिन तयार झाले त्यात फेनिलअलानिन हे एकच अमिनो आम्ल होते. जनुकांच्या लिपीतील पहिला शब्द वाचला गेला. पंजाबातील रायपूर नावाच्या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना यांनी पुढे ठरावीक क्रमाची अक्षरे असलेले आरएनए स्वतः घडवून, अशाच पेशीमुक्त रसांत त्यांचे वाचन करवून, त्या लिपीचा उलगडा पक्का केला. 1968 सालचे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना विभागून मिळाले. परदेशातील शिक्षण संपवून 1949 साली मायदेशी परतलेल्या खुरानांना येथे मनाजोगे काम मिळाले नाही आणि त्यांना पुन्हा परदेशची वाट धरावी लागली, ही गोष्ट आपण त्यांचा गौरव करताना सोयीस्करपणे विसरतो. जिवंत पेशीच्या आत राहून ही लिपी इतक्या स्वच्छपणे वाचता आली असती असे वाटत नाही. पेशीत हजारो संदेशांचा एकच कोलाहल चाललेला असतो. नळीतल्या रसात मात्र आपण देऊ तोच संदेश वाचला जातो, हेच या पद्धतीचे सारे मर्म आहे.

आता गव्हाकडे वळू. गव्हाच्या दाण्याचा फार मोठा भाग म्हणजे पिठाळ गर. वर कोंड्याचे आवरण आणि एका टोकाशी, वजनाने जेमतेम दोन-तीन टक्के भरेल असा, पिवळसर अंकुर. वनस्पतिशास्त्रात यालाच भ्रूण म्हणतात. कोरड्या दाण्यात हा अंकुर निपचित पडलेला असतो. परंतु पाण्याचा पहिला स्पर्श होताच त्याला कामाला लागावयाचे असते. म्हणून रायबोसोम, अमिनो आम्ले वाहून आणणारे रेणू आणि इतर सारी सामग्री त्याने आधीच भरून ठेवलेली असते. सामग्री तयार आणि स्वतःच्या संदेशांची गडबड मात्र फार थोडी, अशी ही स्थिती. बाहेरून आणलेला संदेश वाचून घेण्यास याहून सोयीची जागा कोणती? 1973 साली ब्रायन रॉबर्ट्स आणि ब्रूस पॅटर्सन यांनी बाजारात मिळणाऱ्या गव्हाच्या अंकुराचा रस काढून त्यात तंबाखूवरील विषाणूचा आणि सशाच्या रक्तातील प्रथिनाचा आरएनए घातला. गव्हाच्या यंत्रसामग्रीने विषाणूचे आणि सशाचे प्रथिन तयार करून दिले. सजीवसृष्टीची लिपी एकच आहे, याचा याहून सुबोध पुरावा शोधून सापडणार नाही.

तथापि या रसात एक मोठे वैगुण्य होते. तास-दीड तास काम केले की तो थंडावे. हाती लागणारे प्रथिन इतके अल्प असे, की किरणोत्सर्गी खूण लावून त्याचे अस्तित्व तेवढे सिद्ध करता येई. 1988 साली सोव्हिएत रशियातील पुश्चिनो येथे अलेक्सांद्र स्पिरिन यांनी नळीत ताजी अमिनो आम्ले व ऊर्जाद्रव्ये सतत पुरवीत राहून आणि तयार झालेला माल सतत बाहेर काढून हेच काम वीस तासांहून अधिक काळ चालविले. म्हणजे यंत्र मुळात थकत नव्हते. शिदोरी संपत होती आणि केर साचत होता. तरीही गव्हाच्या रसाचा लहरीपणा पूर्णतः गेला नाही. एक घाणा उत्तम निघावा आणि दुसरा वाया जावा, असे का होते हे कोणाला उमगत नव्हते.

ते कोडे सुटले ते अगदी निराळ्या बाजूने. यायेता एंडो हे जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ एरंडाच्या बियांतील रिसिन या विषाचा अभ्यास करीत होते. हे विष किती भयंकर आहे याची कल्पना 1978 साली लंडनमध्ये झालेल्या गेओर्गी मार्कोव या बल्गेरियन लेखकाच्या हत्येवरून यावी. छत्रीच्या टोकातून त्यांच्या पायात घुसवलेल्या सूक्ष्म गोळीत रिसिनच होते असे मानले जाते. हे विष पेशीत नेमके काय करते? 1987 साली एंडो आणि त्यांचे सहकारी त्सुरुगी यांनी उत्तर दिले. रायबोसोममध्ये हजारो दुव्यांची एक आरएनए साखळी असते. तिच्यातील एका ठरावीक ठिकाणचे एकच ॲडेनिन रिसिन उपटून काढते. एवढ्या एका घावाने सारे यंत्र कायमचे बंद पडते. हा शोध शुद्ध कुतूहलाचा होता. त्यातून कोणतेही औषध किंवा कारखाना निघेल असे त्या वेळी कोणी सांगितले नसते आणि सांगितले असते तर त्यावर विश्वास ठेवणे कठीण होते.

परंतु एंडो यांना ठाऊक होते, की एरंडाच्या विषाचे भाऊबंद इतर वनस्पतींतही आहेत आणि गव्हाच्या पिठाळ गरातही ट्रिटिन नावाचे असेच एक प्रथिन असते. अखंड दाण्यात ते अंकुरापासून दूर असते, म्हणून निरुपद्रवी. अंकुर दळला गेला आणि त्याला थोडासा जरी गर चिकटलेला असला तरी ट्रिटिन रसात उतरते आणि गव्हाच्याच रायबोसोमांचा घात करते. म्हणजे रस निकामी होत होता तो अशक्तपणामुळे नव्हे, तर विषबाधेमुळे! वनस्पतीची पेशी फुटली, तिच्यात विषाणू वा बुरशी शिरली, तर स्वतःचाच कारखाना जाळून टाकण्याची ही आत्मघातकी संरक्षणव्यवस्था असावी, असा त्यांचा तर्क.

निदान झाल्यावर उपाय किती साधा निघावा! अंकुर निवडून घ्यावयाचे आणि गराचा अंशही उरणार नाही इतके ते पुनःपुन्हा धुवावयाचे. चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक काढणाऱ्या आपल्या घरांतल्या बायकांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच, की त्या चीक ठेवून चोथा टाकतात. येथे चीक धुऊन टाकून अंकुर तेवढा राखावयाचा. मात्सुयामा येथील एहिमे विद्यापीठात एंडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की धुतलेल्या अंकुरांचा रस साठ तासांहून अधिक काळ काम करतो आणि दर मिलिलिटरमागे एक ते चार मिलिग्रॅम प्रथिन देतो. पूर्वी ज्याचे केवळ अस्तित्व सिद्ध करता येत असे, ते आता तराजूत तोलता येऊ लागले.

या पद्धतीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. 2008 साली नाओकी गोशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या 13,000 हून अधिक प्रथिनांची निर्मिती या रसात करून पाहिली. परंतु आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा उपयोग हिवतापाच्या क्षेत्रातला आहे. हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीचा, प्लास्मोडियम फाल्सिपेरमचा, संपूर्ण जनुकसंच 2002 साली वाचला गेला. त्यात सुमारे 5,300 जनुके आहेत. यांपैकी कोणत्या प्रथिनाविरुद्ध लस करावी, हे ठरवावयाचे तर आधी ती प्रथिने हाती हवीत. या जनुकांतील अक्षरांचा कल मात्र विलक्षण आहे. सुमारे ऐंशी टक्के अक्षरे ए आणि टी हीच. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या जीवाणूंना हा मजकूर नीट वाचता येत नाही. ते अडखळतात किंवा प्रथिनाचा निरुपयोगी गठ्ठा करून ठेवतात. गव्हाचा रस मात्र तो बराच सुरळीत वाचतो, हे एहिमे विद्यापीठातीलच ताकाफुमी त्सुबोई यांच्या गटाने 2008 साली दाखवून दिले. रॉस यांना डासाच्या पोटात दिसलेला परजीवी आणि बुखनर यांनी उभी केलेली पेशीमुक्त रसाची कल्पना यांची गाठ अशी गव्हाच्या अंकुरापाशी पडली.

भारताच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स. आपल्या देशात आढळणारा, यकृतात दडून बसून पुन्हा पुन्हा ताप आणणारा हा परजीवी प्रयोगशाळेत सतत वाढवीत ठेवण्याची रीत अद्याप साधलेली नाही. जो जीव वाढवताच येत नाही त्याची प्रथिने मिळवावयाची कशी? ज्या पद्धतीला जिवंत जीवच लागत नाही, केवळ जनुकाचा मजकूर पुरतो, ती येथे किती मोलाची ठरते हे वेगळे सांगावयास नको. गडचिरोलीच्या जंगलपट्टीने महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षे वाहिला आहे. तेथील आश्रमशाळेतल्या मुलाला तापाने फणफणताना ज्या शिक्षकाने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटणार नाही.

अर्थात अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. पेशीमुक्त रस हा जिवंत पेशींची जागा घेईल, असे मानणे चुकीचे होईल. मधुमेहींना लागणारे इन्सुलिन जीवाणू आणि यीस्ट यांच्याकडूनच करवून घेतले जाते आणि पुढेही बहुधा तसेच होत राहील. हिवतापावरील ज्या आर-21 लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली केली, ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि तिचे प्रथिनही यीस्टच देते. जीवाणूंच्या रसाचा घाणा 2011 साली अमेरिकेत 100 लिटरपर्यंत वाढविण्यात आला हे खरे. पण ऊर्जाद्रव्यांचा खर्च मोठा आहे. शिवाय मानवी पेशी काही प्रथिनांना साखरेचे रेणू जोडतात, ते काम गव्हाचा रस करीत नाही. हा रस म्हणजे मालाची गिरणी नव्हे, शोधाची कार्यशाळा होय. कोणते प्रथिन उपयोगी पडेल हे हुडकून काढण्याचे काम त्याचे. ते टनावारी तयार करण्याचे काम दुसऱ्याचे. आर-21 लस फाल्सिपेरमविरुद्ध आहे, व्हायव्हॅक्सविरुद्ध नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे हुडकण्याचे काम संपलेले नाही हे पटेल.

कोणी आणखी एक शंका काढील. पेशीवाचून प्रथिने होऊ लागली म्हणजे जीवनाचे गूढ संपले काय? वस्तुतः उलटेच घडले आहे. गव्हाचा रस हवे ते प्रथिन करून देतो, पण स्वतःसारखा दुसरा रस करू शकत नाही. शिदोरी संपली की तो थांबतो. झीज भरून काढणे, वाढणे, पुनरुत्पादन करणे त्याला साधत नाही. जीवन कोणत्या एका क्रियेत नसून अनेक क्रियांच्या मेळात आहे, हे या रसाने आपल्याला अधिक स्पष्ट करून दाखविले. गूढ नाहीसे झाले नाही. ते नेमके कोठे आहे हे कळले.

आता मूळ मुद्द्याकडे. या इतिहासातून पहिली गोष्ट दिसते ती ही, की रस सुधारण्यासाठी नेमलेल्या एखाद्या समितीने तो सुधारला नाही. एरंडाचे विष रायबोसोमला कसे मारते, या वरवर निरुपयोगी प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाने तो सुधारला. आपल्याकडे संशोधनाचा अर्ज भरताना ‘या संशोधनाची सामाजिक उपयुक्तता’ असा एक रकाना असतो. एंडो यांनी 1987 साली त्या रकान्यात प्रामाणिकपणे काय लिहिले असते? करदात्याच्या पैशाचा हिशेब मागू नये, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु उपयुक्ततेचे उत्तर तीन वर्षांच्या मुदतीत मागणारी व्यवस्था प्रामाणिक माणसाला खोटे लिहावयास शिकवते, आणि खोटे न लिहिणाऱ्याला परत पाठवते. एरंडाचे सर्वाधिक उत्पादन आपल्या देशात होते, गव्हाच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल आपलाच क्रमांक लागतो आणि दरवर्षी दहा कोटी टनांहून अधिक गहू आपण पिकवतो. कच्चा माल आपल्याजवळ कधीच कमी नव्हता. कमी पडली ती निरुपयोगी प्रश्नांविषयीची सहनशीलता.

दुसरी गोष्ट स्थळाची. मात्सुयामा हे टोकियो नव्हे. शिकोकू बेटावरील ते एक प्रांतिक शहर आहे आणि एहिमे हे प्रांतिक विद्यापीठ. मोठे काम मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतच होते, या समजुतीने आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील विद्यापीठांनी परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यावरच समाधान मानले आहे. वास्तविक महाराष्ट्रात या कामाला लागणारी माणसे आणि साधने शेजारीशेजारी नांदत आहेत. निफाडचे गहू संशोधन केंद्र गव्हाच्या जाती जाणते. पुण्याची आघारकर संशोधन संस्था गव्हाचे वाण काढते. त्याच पुण्यात पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, 2006 पासून आयसर आहे. कोणत्या वाणाच्या अंकुराचा रस उत्तम निघतो, तो स्वस्तात कसा टिकवावा आणि महाविद्यालयांना कसा पुरवावा, एवढे एक साधे काम शेतीवाल्यांनी आणि रेणूवाल्यांनी एकत्र बसून हाती घेतले तर परदेशी संचांवर विसंबून राहण्याचे फारसे कारण उरणार नाही.

तिसरी गोष्ट वर्गाची, आणि प्रस्तुत लेखकाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात प्रथिननिर्मितीवरील व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, ‘‘सर, हे सगळं आम्हाला कधी बघायला मिळेल का?’’ वर्गात हशा पिकला. खरे म्हणजे तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या तासात विचारला गेलेला तो एकमेव वैज्ञानिक प्रश्न होता. आपले विद्यार्थी बारावीपासून पदवीपर्यंत ही प्रक्रिया चार वेळा शिकतात, बाण काढून आकृत्या रंगवतात, गुण मिळवतात आणि ती एकदाही न पाहता पदवीधर होतात. पाककृती पाठ असलेला पण चूल न पाहिलेला आचारी आपण घडवीत आहोत.

ती प्रक्रिया पाहता येत नाही, असे मुळीच नाही. 2018 साली अमेरिकेतील संशोधकांनी शाळांसाठी असे संच तयार केले, की ज्यांत जीवाणूंचा पेशीमुक्त रस गोठवून वाळवलेला असतो. मुलांनी त्यात पाणी आणि जनुकाचा थेंब घालावयाचा, आणि काही तासांनी नळीत चमकणारे प्रथिन तयार झालेले डोळ्यांनी पाहावयाचे. जेलीफिशच्या ज्या हिरव्या प्रथिनासाठी 2008 साली नोबेल पारितोषिक दिले गेले, त्याच्या जातीची ही प्रथिने. जिवंत जंतू नाही म्हणून धोका नाही. वाळवलेला माल म्हणून शीतकपाटाची सक्ती नाही. ज्या गावात दिवसातून चार तास वीज नसते तेथल्या शाळेलाही हे झेपण्यासारखे आहे.

हे सारे खर्चिक आहे, हा आक्षेप ऐकू येईल. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे करावयाचे म्हटले तर तो खराही आहे. उणे ऐंशी अंशांची शीतपेटी आणि वेगवान केंद्रोत्सारक यंत्र प्रत्येकाला कोठून परवडणार? परंतु प्रत्येक शाळा स्वतःची पाठ्यपुस्तके छापीत नाही. ती एका ठिकाणी छापली जातात आणि सगळीकडे पोचतात. त्याच न्यायाने एका विद्यापीठाने रस तयार करावा, वाळवून, छोट्या कुप्यांत भरून संलग्न महाविद्यालयांना पुरवावा. प्रात्यक्षिकाच्या यादीतील दोन निर्जीव प्रयोग गाळून हा एक घालावा. हे करण्यास कायदा लागत नाही, परदेशी मदत लागत नाही. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीचा हा विषय आहे. आणि त्या बैठकीला ज्यांना बसावयाचे आहे त्यांतील पुष्कळजण हे सदर वाचीत असतील.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणूनच विनंती, की हा विषय पुढच्या वर्षावर ढकलू नये. संच येतील तेव्हा येतील. तोपर्यंत निदान मूठभर गहू ओल्या फडक्यात बांधून वर्गात आणावेत, अंकुर भिंगाखाली दाखवावा आणि या एवढ्याशा पिवळ्या ठिपक्यात काय काय भरून ठेवले आहे ते सांगावे. विद्यार्थ्यांनी निरुपयोगी वाटणारे प्रश्न विचारण्याची लाज बाळगू नये. आणि कचेऱ्यांतून संशोधनाच्या फायली पुढे सरकवणाऱ्यांनी उपयुक्ततेच्या रकान्यात ‘अद्याप सांगता येत नाही’ असे लिहिलेला अर्ज दिसला, तर केवळ तेवढ्यासाठी तो परत पाठवू नये. त्या विद्यार्थिनीला आपण अजून उत्तर दिलेले नाही. ते देण्याची सामग्री आपल्या कोठीतल्या गव्हाच्या कणगीत आहे. तिथवर हात पोचविणे मात्र आपल्यावर आहे.